साताऱ्याची शिडी, सांगलीची शिडी

मुलांनो, आज तुम्हाला एक नोकरी देणार आहे. पगार नाही, पण काम मानाचं आहे. आजच्या दिवसापुरते तुम्ही अग्निशमन दलाचे प्रमुख! आणि तुमच्या ताब्यात गावं दिली आहेत दोन : सातारा आणि सांगली. दोन्हीकडून तुमच्या टेबलावर एकेक कागद आला आहे, असं समजा. मजकूर सारखाच : 'आमच्या गावात आता उंच इमारती झाल्या आहेत. बंबांच्या जोडीला शिडीची एक गाडी घ्यायची आहे. कोणती घ्यावी, ते कळवावे.'

"त्यात काय कळवायचं?" तुमच्यापैकी कोणीतरी लगेच म्हणेल. "सगळ्यात उंच असेल ती घ्यायची!"

थांबा, थांबा. एवढ्यात सही करू नका. ही गाडी कोट्यवधी रुपयांची असते आणि ते पैसे तुमच्या-आमच्या आईबाबांनी भरलेल्या घरपट्टीतूनच कुठून तरी येतात. शिवाय ती एकदा घेतली की पंधरा-वीस वर्षं तीच वापरायची. चुकीची घेतली तर बिचारी धुऊन-पुसून गॅरेजमध्ये उभी राहील. आणि ज्या रात्री तिची खरी गरज पडेल, त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी अडकून बसेल. वर खिडकीत कोणीतरी रुमाल हलवत उभं असेल, आणि खाली आपली सगळ्यात उंच शिडी रस्त्यावर आडवी!

तेव्हा आधी दुकानात काय काय मिळतं ते पाहू, मग टेप घेऊन गावात फिरू.

दोन जातींच्या शिड्या

पहिली जात टर्न टेबल लॅडरची. गाडीच्या पाठीवर एक फिरतं चक्र, त्यावर एकात एक सरकणाऱ्या शिड्या. जुन्या दुर्बिणीच्या नळ्या कशा एकातून एक बाहेर येतात, तशा. चक्र फिरेल तिकडे शिडी वळते. हिचं मूळ जर्मनीतलं. उल्म गावच्या कोनराड मागिरुस यांनी १८७२ मध्ये दोन चाकांवरची एक शिडी बनवली. ती भिंतीला न टेकता आपल्या पायांवर उभी राहायची. ऐकायला ही गोष्ट लहान वाटते. पण भिंतच पेटलेली असेल तर शिडी टेकवायची कशाला? मागिरुस स्वतः अग्निशमन दलात काम केलेले गृहस्थ होते, म्हणून ही अडचण त्यांना ठाऊक. पुढं १८९२ मध्ये त्यांच्या कारखान्यातून फिरत्या चक्रावरची शिडी बाहेर पडली. ती ओढायला घोडे होते, एवढाच काय तो फरक.

दुसरी जात हायड्रॉलिक प्लॅटफॉर्मची. हिला आपल्याकडचे फायरमन आणि वर्तमानपत्रवाले 'स्नॉर्केल' म्हणतात. ही शिडी नव्हेच, हा एक हात आहे. खांदा, कोपर, मनगट असे सांधे असलेला, आणि टोकाला माणसं उभी राहतील असा कठड्याचा पिंजरा. याची जन्मकथा गमतीची आहे. अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाडांच्या फांद्या छाटायला असा यांत्रिक हात वापरायचे. तिथल्या अग्निशमन दलाचे प्रमुख रॉबर्ट क्विन यांनी तो पाहिला आणि १९५८ मध्ये आपल्या बंबाबरोबर आगीवर नेला. फांद्या छाटणाऱ्या यंत्रानं आग विझवायला सुरुवात केली!

मग दोघांत चांगलं कोण? शिडी हलकी असते, चपळ असते, एक-दोन मिनिटांत उभी राहते. आणि मुख्य म्हणजे तिच्या पायऱ्यांवरून माणसं एकामागून एक उतरू शकतात. प्लॅटफॉर्ममध्ये पिंजऱ्यात मावतील तेवढीच माणसं घ्यायची, खाली सोडायची, पुन्हा वर जायचं. पण प्लॅटफॉर्मचं कोपर वाकतं. त्यामुळं तो एखाद्या कठड्यावरून किंवा कौलांवरून पलीकडं हात घालू शकतो. आजी-आजोबांना, लहान बाळांना किंवा धुरानं गुदमरलेल्या माणसाला पायऱ्यांवरून उतरवण्यापेक्षा पिंजऱ्यातून आणणं केव्हाही बरं. हल्ली शिडीच्या टोकालाही पिंजरा बसवतात, म्हणजे दोघांचं थोडं थोडं हातात येतं. मात्र प्लॅटफॉर्मची गाडी वजनाला भारी असते, हे लक्षात ठेवा. पुढं उपयोगी पडेल.

तीस मीटर म्हणजे दहावा मजला?

एक मजला साधारण तीन मीटरचा. मग ३० मीटरची शिडी दहाव्या मजल्यावर पोचणार, हे गणित तिसरीतलं मूलही सांगेल. आणि चुकेल!

कारण गाडी भिंतीला चिकटून उभी राहत नाही. मध्ये कंपाउंडची भिंत असते, बाग असते, गटार असतं, स्कूटर्स लावलेल्या असतात. शिवाय पेटलेल्या इमारतीच्या अगदी पायथ्याशी गाडी नेली तर काचा आणि जळकं लाकूड तिच्यावरच कोसळायचं. म्हणून शिडी तिरकी लावावी लागते. जर्मनीत ३० मीटरच्या शिडीची ओळख दोन आकड्यांनी सांगतात : २३-१२. म्हणजे गाडी इमारतीपासून १२ मीटर दूर असताना शिडी २३ मीटर उंची गाठू शकली पाहिजे. हा झाला सातवा मजला. दहावा नव्हे!

(नववी-दहावीच्या ताई-दादांना एक काम : १२ आणि २३ या काटकोनातल्या दोन बाजू धरून कर्ण काढा. उत्तर शेवटी दिलं आहे. आधी पाहायचं नाही.)

आता सी-सॉ आठवा. बागेतला, दोन्हीकडं बसून वरखाली व्हायचा. शिडी बाजूला जितकी लांब जाईल, तितकी गाडी त्या बाजूला कलंडू पाहते. टोकाला चार माणसं उभी राहिली तर आणखीच. म्हणून गाडीच्या चारी कोपऱ्यांतून लोखंडी पाय बाहेर येतात आणि जमिनीवर घट्ट रोवले जातात. त्यांना जॅक म्हणतात. पैलवान आखाड्यात पाय फाकवून उभा राहतो, अगदी तसंच. पाय जितके फाकलेले, तितका तोल पक्का.

ही शिडीची गाडी साधारण १० मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि पंधरा-सोळा टन वजनाची. पण पाय फाकवल्यावर तिला साडेचार-पाच मीटर रुंदी लागते. अडीच मीटरच्या गाडीला पाच मीटरची जागा! आता घ्या तो टेप आणि चला साताऱ्याला.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी

सातारा पाहिलाय ना? अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर वसलेलं गाव. माची पेठेत चढून जाताना पोटऱ्या भरून येतात. शनिवार पेठ, मंगळवार पेठ, यादोगोपाळ पेठ... या जुन्या पेठा वसल्या तेव्हा रस्त्यानं घोडे, बैलगाड्या आणि पालख्या जायच्या. सोळा टनांची गाडी कधी यायची आहे, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तुम्ही साताऱ्यात राहत असाल तर खरंच एक टेप घ्या आणि आपली गल्ली मोजा. दुपारी नको, संध्याकाळी सात वाजता मोजा, दोन्ही बाजूंना मोटारसायकली लागल्यावर. भिंत ते भिंत नाही, हँडल ते हँडल! अडीच मीटर भरली तर गाडी आत येईल. पण पाय फाकवायला जागा? अशा वेळी एकाच बाजूचे जॅक पूर्ण बाहेर काढता येतात. मग गाडीतला संगणक शिडीला त्या एकाच बाजूला लांब जाऊ देतो. दुसऱ्या बाजूला वळवायला गेलात तर हलत नाही. कुरकुरून उपयोग नाही, तो तुमचा जीवच वाचवत असतो.

गल्ली मोजून झाली की वर पाहा. विजेच्या तारा किती आणि कुठून कुठे गेल्या आहेत? शिडी धातूची असते. तारांच्या जाळ्यातून ती उभी करणं म्हणजे नवं संकट. वीज बंद केली तरी तारा काही आकाशातून नाहीशा होत नाहीत.

आणि उतार? शिडीचं चक्र सपाटीत असावं लागतं. चांगल्या गाड्या थोडा उतार आपोआप सांभाळून घेतात, पण मोजक्या अंशांपर्यंतच. म्हणून साताऱ्यासाठी गाडी निवडताना 'उंची किती?' हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न 'वळते किती जागेत?' आणि दुसरा 'उतारावर उभी राहते का?' पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून जायचं असेल तर गाडीची बंद उंची किती, तेही विचारून ठेवा.

पण साताऱ्याची दुसरी बाजूही आहे. २०२० मध्ये शहराची हद्द वाढली. शाहूपुरी, विलासपूर असे भाग नगरपालिकेत आले. तिकडं रस्ते बरे आहेत आणि नव्या इमारतींना जागाही आहे. म्हणजे एकाच गावात दोन गावं! नव्या भागाला शिडीची गाडी उपयोगी, जुन्या पेठांना नाही. पेठेतल्या जुन्या लाकडी वाड्याला आग लागली तर काय करायचं? तिथं कामाला येते ती साधी, हातानं उचलायची ३५ फुटी सरकशिडी. दोरीनं वर सरकवायची, तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारी. ना संगणक, ना जॅक. चार धडधाकट फायरमन आणि रोजचा सराव. तिची किंमत मोठ्या गाडीपुढं काहीच नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी भाषण करत नाही. माझं मन विचाराल तर साताऱ्याच्या यादीत मी ही शिडी पहिल्या ओळीवर लिहीन.

ही काही नुसती कल्पना नाही. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीला गोकुळ निवास नावाच्या जुन्या इमारतीला आग लागली. दाट वस्ती, अरुंद रस्ता आणि आतून लाकूडकाम. इमारत कोसळली. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, उपमुख्य अधिकारी सुधीर अमीन, आणि संजय राणे व महेंद्र देसाई असे चार अधिकारी या आगीनं घेतले. मुंबईचं दल हे देशातल्या सगळ्यात सुसज्ज दलांपैकी एक. आज त्यांच्याकडं ९० मीटर उंच जाणारा फिनलंडचा प्लॅटफॉर्मसुद्धा आहे, म्हणजे जवळजवळ तीस मजले! पण काळबादेवीसारख्या गल्लीत ते ९० मीटर काय कामाचे?

कृष्णाकाठी

आता सांगली. इथं साताऱ्याच्या उलट. उतार नावाला नाही, जमीन ताटासारखी सपाट. गावभाग, खणभाग, हरभट रोड इथं गर्दी आहे खरी. पण विश्रामबागेकडं गेलं की रस्ते ऐसपैस होतात. एका रस्त्याचं तर नावच शंभर फुटी! शंभर फूट म्हणजे तीस मीटर. पाय फाकवायला हवी तेवढी जागा. मग सांगलीला काय, डोळे मिटून मोठी गाडी घ्यावी?

डोळे मिटू नका, खाली पाहा. सांगलीची माती कृष्णेची. काळी, गाळाची. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शिडी एका बाजूला झुकली की चार पायांवरचं वजन सारखं राहत नाही. एकाच कोपऱ्यावर सगळा भार येतो. तो पाय नुकत्याच बुजवलेल्या ड्रेनेजच्या चरावर किंवा गटाराच्या झाकणावर पडला तर? तीस मीटर उंचीवर असलेल्या माणसाला खालचा पाय चार बोटं खचला तर किती हिसका बसेल, याचा विचार करा. म्हणून जॅकखाली रुंद फळ्या आणि पाट घालतात. सांगलीचा फायरमन गाडीतून उतरल्यावर आधी वर आगीकडं नाही, खाली जमिनीकडं बघेल.

दुसरं म्हणजे नदी. पलीकडं सांगलीवाडी आहे, तीही महापालिकेतच. मध्ये १९२९ सालचा आयर्विन पूल. देखणा आहे, पण पंचाहत्तरी कधीच ओलांडलेला म्हातारा आहे. त्याच्यावरून किती टनाची गाडी न्यायची, हे आधी विचारायचं. भारी गाडीला दुसऱ्या पुलानं वळसा पडणार असेल तर वेळ मोजून ठेवायचा. याच पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. तेव्हा गावाला शिडी नको होती, बोटी हव्या होत्या. तुम्ही प्रमुख आहात ना? मग सांगा, सगळे पैसे एका उंच गाडीत घालायचे की थोडी ठेंगणी गाडी घेऊन उरलेल्या पैशात बोटी घ्यायच्या? सांगलीच्या खुर्चीत बसलेल्याला हा हिशेब दरवर्षी जूनमध्ये करावा लागतो.

तिसरी गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. शिडी फक्त माणसं उतरवायला नसते. तिच्या टोकाला पाण्याची मोठी तोफ असते, मॉनिटर म्हणतात तिला. सांगलीत हळदीची पेठ आहे, कुपवाडला कारखाने आहेत, मोठमोठी गोदामं आहेत. गोदाम दुमजली असलं तरी लांबरुंद असतं. दारातून मारलेलं पाणी मधल्या आगीपर्यंत पोचतच नाही. तिथं वरून पाणी लागतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, ते आठवतं? ते काही वीसमजली नव्हतं; पण मोठं छप्पर, आत लाकूड, पडदे, खुर्च्या. अशा आगीला शिडी हवी ती उंच मजल्यासाठी नाही, छपरावरून आत पाणी सोडण्यासाठी. सांगली तर नाटकवाल्यांचं गाव, विष्णुदास भाव्यांचं. त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि पाणी म्हटलं की पुन्हा गणित. मॉनिटर मिनिटाला साधारण २,००० लिटर पाणी फेकतो. आपल्या नेहमीच्या बंबात ४,५०० लिटर असतं. म्हणजे किती वेळ पुरेल? सव्वादोन मिनिटं! तुम्ही एक गाणंसुद्धा पुरं ऐकून होणार नाही. तेव्हा एका शिडीमागं टँकरची रांग, पाणी भरायच्या जागा आणि ताकदीचा पंप हवा. शिडी घेतली आणि टँकर घेतले नाहीत, तर ती महागडी उंच खुर्ची होते, वर बसून आग पाहायची.

हा भाग आईबाबांनी वाचावा

तुमच्या इमारतीभोवती मोकळी जागा आहे का? राष्ट्रीय बांधकाम संहितेत उंच इमारतींसाठी लिहून ठेवलं आहे : भोवती ६ मीटर मोकळी, पक्की जागा, ४५ टनांची बंबगाडी पेलेल एवढी भक्कम. आत यायचं फाटक साडेचार मीटरचं आणि गाडी वळायला ९ मीटरची त्रिज्या. नकाशावर ही जागा असते. प्रत्यक्षात तिथं पत्र्याची शेड असते, मोटारी असतात, कुंड्या असतात. कमिटी बदलते तशी जागा आकसते. संहितेत २४ मीटरच्या वर आसऱ्याची मोकळी जागा ठेवायला सांगितलंय. ती कुलूप लावून अडगळीनं भरू नये, ही अपेक्षा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा राहणाऱ्यांची असते. दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, तसा दाखला द्यावा लागतो. पुढच्या मीटिंगला हा दाखला बघायला मागा. शिडी कितीही लांब घेतली तरी कुठंतरी ती संपतेच. जगातल्या सगळ्यात उंच प्लॅटफॉर्मांपैकी एक ११२ मीटरचा आहे आणि मुंबईतले मनोरे २५० मीटरच्याही वर गेलेत. शिडी संपते तिथून वर जिन्यातला पाण्याचा नळ आणि बंद होणारं दारच काय ते कामाचं.

मग कोणती घ्यायची?

चला, सही करायची वेळ झाली. मी माझं मत सांगतो.

साताऱ्यासाठी मी आखूड गाडी घेईन. शिडी ३० मीटरची असली तरी चालेल, पण गाडी कमी जागेत वळणारी, एका बाजूचे जॅक काढून काम करणारी आणि उतार सांभाळणारी हवी. प्लॅटफॉर्म नको; वजन फार. आणि जुन्या पेठांसाठी ३५ फुटी हातशिड्या, छोटे बंब जादा.

सांगलीसाठी थोडी भारी गाडी चालेल. टोकाला पिंजरा आणि दांडगा मॉनिटर असलेली. पण ती सांगली, मिरज आणि कुपवाड अशा तीन गावांना पुरवायची आहे. सांगली-मिरज अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. ती कुठल्या केंद्रात उभी करायची? पुराचं पाणी येणार नाही अशा उंच जागी, हे पहिलं. आणि त्या केंद्राचं दार पुरेसं उंच आहे का, हे दुसरं. हसू नका! गाडीची ऑर्डर देताना दार मोजायचं राहून जाऊ शकतं.

दोन्हीकडं एक अट सारखी : बिघडली तर दुरुस्त कोण करणार, सुटे भाग किती दिवसांत येणार आणि ती चालवायला किती जणांना शिकवणार, हे कराराच्या कागदावर आधी लिहून घ्यायचं. जोरदार वाऱ्यात, साधारण ताशी ४५ किलोमीटरच्या पुढं, शिडी वर चढवत नाहीत. हे सगळं ओळखणारा माणूस खालच्या खुर्चीत बसलेला हवा. तो वर्षातून एकदा नाही, दर आठवड्याला ती शिडी उघडून पाहणारा हवा.

तुमचं मत वेगळं असेल तर गल्लीचं माप, इमारतीचे मजले आणि कारणं यांसह आम्हाला पत्र लिहा. 'उंच आहे म्हणून' हे कारण धरलं जाणार नाही!

आणि हो, खरी आग दिसली तर १०१ किंवा ११२ ला फोन करा. नुसता पत्ता सांगून ठेवू नका. किती मजली इमारत, कितव्या मजल्यावर आग, वर कोणी अडकलंय का आणि मोठी गाडी कुठल्या बाजूनं आत येईल, हे सांगा. आता तुम्हाला ते माहीत आहे. तुम्हीच तर मोजलंय.

(कोड्याचं उत्तर : १२ चा वर्ग १४४, २३ चा वर्ग ५२९, बेरीज ६७३, तिचं वर्गमूळ सुमारे २५.९ मीटर. मग शिडी तीसची कशाला? गाडी जवळ उभी असेल तर शिडी अधिक उभी धरता येते, आणि तेव्हाच ती पूर्ण उघडते. बाजूला झुकली की सी-सॉचा नियम आडवा येतो!)